सरपंचास एक न्याय, आमदारास दुसरा का?

भाताची लावणी आटोपून शिवऱ्याच्या पारावर चार माणसे टेकली होती. पलीकडे पुणे-सातारा रस्त्यावरून मोटारींची रीघ चालली होती. बोलता बोलता निवडणुकीचा विषय निघाला आणि एका वृद्ध शेतकरी बाबांनी आम्हांस विचारले, "आवं, मत टाकलं एकडाव अन् मुख्यमंत्री बघितलं तीन. मधल्या येळंला आमास्नी कुणी इचारलं?" शेजारी बसलेले सुतारमामा हसून म्हणाले, "बैल बदलायचा म्हटला तरी घरात इचारत्यात, बाबा!"

या दोन वाक्यांत जे शहाणपण आहे, ते मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या तासभर चाललेल्या भाषणांतही सापडत नाही. म्हणून आज आमच्या शेतकरी व बलुतेदार बंधुभगिनींपुढे हाच प्रश्न उलगडून मांडावयाचा आम्ही विचार केला आहे. राज्य स्थिर असावे हे खरे. पण ते कोणाच्या सोयीसाठी स्थिर असावे, आणि अस्थिर झाले तर निवाडा कोणी करावा?

आधी घडले ते जसेच्या तसे पाहू. ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेची निवडणूक झाली. जागा २८८. भाजपास १०५, शिवसेनेस ५६, राष्ट्रवादीस ५४ व काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. भाजप व शिवसेना यांनी एकत्र मते मागितली होती. निकालानंतर मुख्यमंत्रीपदावरून त्यांची फारकत झाली. २३ नोव्हेंबरच्या पहाटेनंतर देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. ते सरकार २६ तारखेस गेले. २८ तारखेस उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बहुतेक आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले, २९ जूनला ठाकरे यांनी राजीनामा दिला व दुसऱ्याच दिवशी शिंदे मुख्यमंत्री झाले. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादीही फुटली आणि तिचा मोठा गट सत्तेत जाऊन बसला. पाच वर्षांच्या एका विधानसभेत हे सारे झाले, आणि मतदारास मात्र पुढची संधी मिळाली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये!

यात कोण बरोबर व कोण चूक, हे आम्ही येथे सांगत नाही. प्रत्येकाने आपापले समर्थन केलेच आहे. २०१९ साली एकाने दुसऱ्यास दगा दिला असे एक म्हणतो; २०२२ साली दुसऱ्याने पहिल्यास दिला असे दुसरा म्हणतो. आमचे म्हणणे इतकेच की, या सर्व भांडणात ज्याचे मत घेऊन हे लोक मुंबईस गेले, तो मतदार साक्षीसही बोलावला गेला नाही.

फितुरी आमच्या मावळास नवी नाही, आणि निष्ठाही नवी नाही. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा आदिलशाहीची फर्माने मावळातल्या देशमुखांस आली. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. कारीचे कान्होजी जेधे आपल्या मुलांसह महाराजांकडे गेले आणि त्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडले. आता नीट पाहा. कान्होजी हेही आदिलशाहीचे देशमुखच होते. जुनी चाकरी त्यांनीही सोडलीच. मग एकास आपण फितूर म्हणतो व दुसऱ्याचे नाव आदराने घेतो, ते का? कारण एकजण वतन वाढावे म्हणून बाजू बदलून गेला, आणि दुसरा वतन सोडून गेला. बाजू बदलणे हे काही पाप नव्हे. बदलताना हातात काय धरले आणि काय सोडले, यावरून माणसाची पारख होते. आमच्या मते पक्षांतराची हीच खरी कसोटी आहे.

हा आरसा आम्ही दुसऱ्यांपुढेच धरणार नाही. ब्राह्मणेतर पक्षाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहे. मुंबईच्या कायदे कौन्सिलात पक्षाचे मंत्री झाले. पण पुढे मंत्रीपदाभोवती जमलेले आणि खेड्यापाड्यांत काम करणारे यांच्यात अंतर पडत गेले व पक्ष विस्कटला. केशवराव जेधे काँग्रेसमध्ये गेले, १९४८ साली तिच्यातून बाहेर पडून शंकरराव मोरे यांच्यासह त्यांनी शेतकरी कामगार पक्ष उभा केला, आणि काही वर्षांनी ते पुन्हा काँग्रेसकडे वळले. केशवरावांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. पण बहुजन समाजाचा पक्ष पुन्हा पुन्हा का मोडतो, हा प्रश्न आपण स्वतःस विचारलाच पाहिजे. पुढे जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार पडले व शरद पवार मुख्यमंत्री झाले. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये दिल्लीहून बरखास्त झाले. म्हणजे सरकार आतून मोडण्याची व वरून पाडण्याची, अशा दोन्ही रीती महाराष्ट्राने फार पूर्वीच पाहिल्या आहेत.

यावर कायदा झाला नाही असे नाही. हरियाणात १९६७ साली एका आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशभर झाला. अखेर १९८५ साली घटनेस ५२ वी दुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट जोडले गेले. पक्ष सोडणाऱ्याचे किंवा पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्व जावे असे ठरले. पण पक्षाचे एक तृतीयांश आमदार मिळून फुटले तर त्यांस माफी होती! २००३ साली ९१ व्या दुरुस्तीने ही पळवाट बुजवली, मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली. परंतु दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हावयाचे ठरवले तर त्यांस मोकळीक राहिली. म्हणजे किरकोळ विक्रीस बंदी आणि ठोक विक्रीस परवाना! एकाने बांध कोरला तर तो चोर, आणि दहाजणांनी मिळून शेत नांगरले तर ती वाटणी, असा न्याय कोणत्या गावात चालतो?

शिवाय निवाडा करणारा कोण? तर विधानसभेचा अध्यक्ष, जो स्वतःच एखाद्या पक्षातर्फे निवडून आलेला असतो व बहुमताच्या बळावर त्या खुर्चीवर बसतो. महाराष्ट्रातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले की, राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगावयास नको होते. पण ठाकरे यांनी ठरावास सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी योग्य मुदतीत करावा असे न्यायालयाने म्हटले. तो निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला, आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. दीड वर्षाने आलेल्या निकालास न्याय म्हणावयाचे असेल, तर पीक करपल्यावर पडणाऱ्या पावसास वळीव म्हणावयास हरकत नाही.

या गोंधळाचा ताप आमच्या मतदारांस कसा झाला, ते बारामती लोकसभा मतदारसंघात आम्ही डोळ्यांनी पाहिले. आमचे भोर व वेल्हे याच मतदारसंघात येतात. वर्षानुवर्षे ज्या घड्याळावर शिक्का मारला, ते घड्याळ मे २०२४ च्या निवडणुकीत एका गटाकडे आणि तुतारी वाजवणारा माणूस दुसऱ्या गटाकडे. चष्मा नसलेल्या म्हाताऱ्या मावशींनी पक्ष ओळखावा कशावरून? नावावरून नाही, कारण नाव दोघांचे जवळजवळ एकच. आडनावावरून नाही, कारण घराणेही एकच!

आता इतर देशांनी काय केले ते पाहू. दुसऱ्याच्या खाचरात पाणी कसे फिरवले आहे हे पाहिल्याने आपला बांध कोठे फुटतो ते कळते.

इंग्लंडात पक्षांतरबंदीचा कायदा नाही. सभासद आपल्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध उघड मत देतो आणि तरी सभासद राहतो. १५ जानेवारी २०१९ रोजी युरोपाशी करावयाच्या कराराविरुद्ध सत्ताधारी पक्षाच्या ११८ सभासदांनी मत दिले व सरकारचा दणदणीत पराभव झाला. पण दुसऱ्याच दिवशी अविश्वासाच्या ठरावावर तेच सभासद सरकारच्या मागे उभे राहिले व सरकार टिकले. करार नको, पण सरकार हवे, असे त्यांना म्हणता आले. आमच्याकडे मात्र शेतमालाचा कायदा असो की पाण्याचा, पक्षाचा आदेश निघाला की शेतकऱ्याच्या आमदाराने मान हलवावयाची, नाही तर जागा गमवावयाची. आमचा आमदार एकट्याने शेतकऱ्याच्या बाजूने मत देऊ शकत नाही, आणि टोळीने सरकार मात्र पाडू शकतो. असा हा उफराटा कायदा आहे. इंग्लंडातही सारे ठीक आहे असे नव्हे. २०२२ या एका वर्षात निवडणूक न होता तेथे तीन पंतप्रधान झाले. त्यांतल्या लिझ ट्रस जेमतेम सात आठवडे टिकल्या. मात्र जुलै २०२४ मध्ये लोकांनी त्या पक्षास ३६५ जागांवरून १२१ वर आणून बसवले.

जर्मनीने धडा रक्त सांडून घेतला. पहिल्या महायुद्धानंतर तेथे सरकारांवर सरकारे पडली. पाडण्यास सर्व एक होत, उभे करण्यास कोणी नसे. त्या चिखलातून १९३३ साली हिटलर वर आला. म्हणून १९४९ च्या नव्या घटनेत त्यांनी एक साधा नियम घातला. चॅन्सेलरास हाकलावयाचे असेल तर त्याच ठरावात नव्याचे नाव लिहा व त्यास बहुमत द्या. नुसते 'हा नको' चालणार नाही, 'तो हवा' हेही सांगा. १९४९ ते २०२४ या ७५ वर्षांत तेथे चॅन्सेलर झाले अवघे नऊ. या नियमाने सरकार बदलले ते एकदाच, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, एका लहान पक्षाने बाजू बदलली तेव्हा. आणि त्यानंतर नव्या चॅन्सेलराने, हेल्मुट कोल यांनी, काय केले? ते लोकांपुढे गेले. मार्च १९८३ मध्ये निवडणूक झाली. कोल यांस लोकांनी कौल दिला. बाजू बदलणाऱ्या लहान पक्षाची मते मात्र घटली. स्थैर्यही राहिले आणि मतदाराचा मानही राहिला.

फ्रान्समध्ये १९४६ ते १९५८ या बारा वर्षांत वीसांहून अधिक मंत्रिमंडळे झाली. कंटाळून त्यांनी घटनाच बदलली व अध्यक्षास मोठे अधिकार दिले. तरी डिसेंबर २०२४ मध्ये तेथील पंतप्रधानास तीन महिन्यांत पायउतार व्हावे लागले. म्हणजे नुसता एक बलवान माणूस वर बसवल्याने पक्षांची भांडणे मिटत नाहीत.

कोणी म्हणेल, मग एकच पक्ष असावा, भांडणच नको. चीनमध्ये १९४९ पासून एकच पक्ष राज्य करीत आहे. त्याहून स्थिर राज्य कोणते? पण त्याच स्थिर राज्यात १९५९ ते १९६१ या वर्षांत चुकीच्या धोरणाने दुष्काळ पडून कोट्यवधी शेतकरी अन्नावाचून मेले, आणि 'चुकलात' असे सरकारास सांगणारा दुसरा पक्ष तेथे नव्हता. दूर कशास जा? भोरची गादीही १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत स्थिरच होती. रयतेने निवडली म्हणून काही ती स्थिर नव्हती. आणि जून १९७५ पासून मार्च १९७७ पर्यंतच्या आणीबाणीतही दिल्लीचे सरकार अगदी स्थिर होते. जे सरकार हलवण्याचा अधिकार रयतेस नाही, त्याचे स्थैर्य म्हणजे छातीवरच्या धोंड्याचे स्थैर्य होय.

आता आमच्या गावाकडे या. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडण्याची रीत आली. २०२० साली ती रद्द झाली. २०२२ साली पुन्हा आली. सरकार बदलले की सरपंच निवडण्याची रीत बदलते, हाही एक अस्थिरतेचाच मासला! पण त्या कायद्यातली एक गोष्ट आम्हांस सोन्यासारखी वाटते. जनतेतून निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे अविश्वास आणता येत नाही. त्यानंतर आणला, आणि तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर केला, तरी सरपंच जात नाही. तो ठराव गावसभेपुढे यावा लागतो आणि गुप्त मतदानाने गावाने त्यावर शिक्कामोर्तब करावे लागते. ज्याने बसवले त्यानेच उठवावे, असा हा सरळ न्याय आहे.

आमचा प्रश्न इतकाच आहे. शेणामातीत राबणारा, महिना थोडे मानधन घेणारा सरपंच, किंवा घरचे सारे आवरून पंचायतीत येणारी आमची भगिनी सरपंच, यांना हलवण्यासाठी गावास विचारावे लागते. मग साऱ्या महाराष्ट्राचा कारभार हलवताना कोणासच का विचारावे लागत नाही? खेड्यातल्या माणसावर विश्वास नाही म्हणून त्यास नियम कडक, आणि मुंबईतली माणसे धुतल्या तांदळासारखी म्हणून त्यांस मोकळीक, असे आहे काय?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, फुटलेला आमदार राजीनामा देऊन पुन्हा उभा राहिला तरी निवडूनच येतो, मग उपयोग काय? हे पुष्कळ अंशी खरे आहे. कर्नाटकात डिसेंबर २०१९ च्या १५ पोटनिवडणुकांत १२ जागा भाजपास मिळाल्या, आणि फुटून आलेले बहुतेक पुन्हा निवडून आले. मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०२० मध्ये २८ पैकी १९ जागा त्याच पक्षास मिळाल्या; तरी फुटून मंत्री झालेले काहीजण तेथे पडलेही. आमचे उत्तर असे की, निवडून आला तर येऊ द्या! मग तो लोकांचा निर्णय झाला, सौदा राहिला नाही. चूक करण्याचा अधिकारही रयतेचाच आहे. आमच्या भोर मतदारसंघात २००९ पासून तीनदा काँग्रेसतर्फे आमदार झालेले संग्राम थोपटे २०२४ मध्ये पराभूत झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये भाजपात गेले. ते कोणास रुचेल, कोणास रुचणार नाही. पण लोकांनी दिलेली जागा हातात धरून ते गेले नाहीत, इतका फरक येथे मान्य केला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो आपल्याच घरातून येतो. "आमदार सत्तेबरोबर नसला तर रस्ता होत नाही, नळ येत नाही, म्हणून गेला तर काय बिघडले?" बंधूंनो, ही भीक मागण्याची सवय आपण सोडली पाहिजे. भाटघरचे धरण इंग्रजी अमदानीत झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटणकडे गेले. तेव्हा राज्य स्थिर होते. पुढे कित्येक वर्षे आमचे आमदार सत्तेतही होते, विरोधातही होते. तरी धरणांच्या माथ्यावरच्या वाड्यांतून आमच्या माता-भगिनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतच राहिल्या. रस्ता व पाणी हा आपला हक्क आहे. तो आमदाराच्या पक्षांतराची दलाली म्हणून मिळत असेल, तर उद्या त्याच कारणाने तो काढूनही घेतला जाईल.

म्हणून आम्ही पाच मागण्या मांडतो. एक: जो पक्ष सोडील त्याने जागा सोडावी, मग तो एकटा असो की दोन तृतीयांश असोत, आणि पुन्हा निवडून येईपर्यंत त्यास मंत्रीपद किंवा कोणतेही महामंडळ मिळू नये. दोन: मुख्यमंत्र्यावर अविश्वास आणणाऱ्यांनी त्याच ठरावात नव्याचे नाव द्यावे. तीन: पक्षाचा सक्तीचा आदेश फक्त विश्वासाच्या ठरावापुरता व अंदाजपत्रकापुरता असावा, इतर वेळी आमदारास आपल्या मतदारसंघाचे बोलू द्यावे. चार: अपात्रतेचा निवाडा अध्यक्षाकडून काढून स्वतंत्र न्यायमंडळाकडे द्यावा व त्यास तीन महिन्यांची मुदत असावी, सर्वोच्च न्यायालयानेही मणिपूरच्या खटल्यात २०२० साली असाच विचार सुचवला आहे.

पाचवी मागणी सर्वांत अवघड आहे. पक्षाच्या आत निवडणुका व्हाव्यात. जर्मनीच्या घटनेने पक्षांचा अंतर्गत कारभार लोकशाहीचा असलाच पाहिजे असे बंधन घातले आहे. आमच्याकडे पक्ष म्हणजे वतन झाले आहे. बापामागे लेक, चुलत्यामागे पुतण्या. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात कुलकर्णी वतन मोडले, ते गावचे दप्तर एकाच घराच्या कपाटात राहू नये म्हणून. आज पक्षाचे दप्तर एकाच घराच्या कपाटात असते, आणि भाऊबंदकी झाली की दप्तर फाटते व त्याबरोबर राज्यही फाटते. जे वतन आपण ब्राह्मणाकडे असताना चालू दिले नाही, ते मराठ्याकडे किंवा आणखी कोणाकडे गेले म्हणून गोड मानावयाचे काय?

हे सारे मुंबई-दिल्लीस कोण सांगणार? आपणच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. तेथे घरकुलाची यादी वाचली जाते व सह्या होतात. त्याच सभेत एक ठराव मांडा: "जो न्याय आमच्या सरपंचास, तोच आमच्या आमदारास असावा." बायकांनी मांडावा, सुतार-लोहार-कुंभारांनी अनुमोदन द्यावे, आणि मते मागावयास येणाऱ्या प्रत्येकास, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्या ठरावाखाली सही करावयास लावावी. जो सही करावयास कचरेल, त्याच्या मनात काय आहे ते वेगळे सांगावयास नको.

पारावरचे ते वृद्ध बाबा उठताना म्हणाले, "ठराव लिवून द्या, मी अंगठा न्हाई, सही करतो. साठीला शिकलोय." आम्ही तो लिहून दिला आहे.